वळवाचं वादळ, गेलेली लाईट आणि घर

ओसरी

उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत दुपारभर हवा कोंडलेली असते, पान हलत नाही, आणि उन्हं कलताना आभाळाच्या एका कोपऱ्यात काळं भरून येतं. पुढे काय होणार हे घरातल्या पोरांनाही ठाऊक असतं. धूळ उडते, दारं धाडधाड आपटतात, दोरीवरच्या कपड्यांसाठी धावाधाव होते, कुठेतरी वीज कडाडते आणि लाईट जाते.

लाईट गेली म्हणजे नुसते दिवे गेले, ते दिवस संपले. पंप बंद म्हणून नळ कोरडे, राउटर बंद म्हणून घरून करायचं काम अडलेलं, लिफ्ट बंद म्हणून वरच्या मजल्यावरची म्हातारी माणसं अडकलेली, फ्रिजमधल्या औषधांची काळजी वेगळीच.

माझं म्हणणं असं आहे की मधल्या अंधाराची आपण फार चिंता करतो, पण घराचं बरंवाईट ठरतं ते दोन टोकांना. आभाळ भरून आल्यापासून लाईट जाईपर्यंतची दहा-पंधरा मिनिटं हे एक टोक. लाईट परत आल्यानंतरची पहिली दहा मिनिटं हे दुसरं. ही दोन टोकं नीट सांभाळली तर मधला वेळ निभावून जातो.

आमच्याकडे पहिल्या टोकाची कामं माणसांवर वाटलेली आहेत. थोरलीकडे कपडे आणि कठड्यावरच्या कुंड्या. कुंडी वाऱ्याने खाली पडली तर कुणाच्या डोक्यात पडेल सांगता येत नाही, म्हणून तिचा नंबर कपड्यांच्याही आधी. धाकट्याकडे खिडक्या आणि दारांना अडसर. माझ्याकडे पाणी: दोन बादल्या, एक मोठं पातेलं, प्यायचं वेगळं. ह्यांच्याकडे प्लगा: टीव्ही, संगणक, राउटर, वॉशिंग मशीन. ज्याचं काम त्याने न सांगता करायचं. एखादा घरात नसेल तर त्याचं काम कोणी उचलायचं हेही ठरलेलं आहे. ओरडाआरडा नाही, एकाच खिडकीकडे तिघं धावणं नाही.

दुसरं टोक मात्र आम्हाला अजून नीट बसवता आलेलं नाही. लाईट आली की सगळे "आली!" म्हणून ओरडतात आणि सगळी बटणं एकदम दाबली जातात. ते बरोबर नाही असं वाटतं, पण नेमकं काय करावं?

तुमच्या घरी काय करता, सविस्तर लिहा. जाणकारांनी कारणंही सांगावीत. कारण समजलं की पोरं ऐकतात.

नभांगण

चांगला धागा. पहिल्या टोकाबद्दल थोडं लिहितो, कारण ती दहा-पंधरा मिनिटं कुठून येतात हे कळलं की ती वापरताही येतात.

तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते आणि ढगाचा मनोरा उभा राहतो. असे ढग 12 किलोमीटर किंवा त्याहूनही उंच जातात. पाऊस पडू लागला की त्याच्यासोबत ढगातली गार, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूबाजूंना पसरते. आपल्याला उकाड्यात अचानक गार झुळूक लागते ती हीच. पाऊस अजून आलेला नसतो, पण वादळाची कड आपल्यापर्यंत पोचलेली असते. फांद्या मोडतात, पत्रे उडतात, तारा एकमेकींवर आपटतात ते बहुतेक या पहिल्या वाऱ्यात. म्हणून गार झुळकीची वाट पाहू नका, काळं भरून आलं की कामाला लागा.

दुसरं, विजेचं अंतर. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि 3 ने भागा, साधारण तेवढे किलोमीटर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्या डोक्यावरही पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं घरातच थांबायचं. पाऊस थांबला म्हणून लगेच गच्चीवर जायचं नाही.

ओसरीताई, थोरलीला एवढं जरूर सांगा की गडगडाट ऐकू आला तर कपडे दोरीवरच राहू द्यायचे. भिजलेले कपडे पुन्हा वाळतात.

सहावामजला

प्लगा काढण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा मेन एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मुख्य स्विच, खाली केला की संपलं ना? आम्ही तेच करतो.

तारेवरचा

सहावामजला, सांगतो. माझी सगळी नोकरी वीज वितरणाच्या लाइनवर गेली, आता निवृत्त आहे.

एमसीबी जास्तीचा प्रवाह आणि शॉर्ट सर्किट यांसाठी असतो. बंद केल्यावर त्याच्या आतल्या दोन टोकांमध्ये काही मिलिमीटरचं अंतर पडतं. जी वीज आभाळातून किलोमीटरभर हवा फोडून खाली येते तिला ते अंतर काहीच नाही. शिवाय अनेक घरांत एमसीबी फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतो; न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, तशीच जोडलेली राहते, आणि झटका न्यूट्रलमधूनही येतो. प्लग सॉकेटमधून बाहेर काढून बाजूला ठेवला तर उपकरण खऱ्या अर्थाने सुटं होतं. टीव्हीला डिशची केबल येत असेल तर तीही काढा. तिकडून येणारा झटका लोक विसरतात.

पण हे सगळं वादळ लांब असतानाच. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर प्लगांना आणि वायरच्या फोनला हात लावायचा नाही. तेव्हा उपकरण गेलं तर जाऊ द्या.

मेन बंद करण्याचा उपयोग आहे, पण तो दुसऱ्या टोकाला. त्यावर सवडीने लिहितो.

नभांगण

काकांच्या म्हणण्याला जोड. वीज पडत असताना आंघोळ, भांडी घासणं, नळाखाली हात धुणं टाळावं. धातूचे पाइप आणि त्यातलं पाणी दोन्हीतून प्रवाह येऊ शकतो. काँक्रीटच्या भिंतीला टेकून बसू नये, आत लोखंडी सळ्या असतात. चार्जरला न लावलेला मोबाइल वापरायला हरकत नाही. मोबाइल वीज ओढून घेतो हा गैरसमज आहे.

इमारतीवर वीजरोधक आहे म्हणून घरातली उपकरणंही सुरक्षित, असंही समजू नका. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात सुचवलेला तो दांडा आजही इमारतीचं रक्षण उत्तम करतो. पण लांबच्या खांबावर पडलेल्या विजेचा झटका तारेतून घरात येतो, तिथे त्याचं काही चालत नाही.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. ओसरीताई, तुमची दोन टोकं पटली, पण "मधला वेळ निभावून जातो" हे सगळ्या घरांना लागू नाही. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेलं माणूस असेल तर मधली मिनिटंच सगळ्यात मोठी असतात. यंत्र थांबलं की ऑक्सिजन थांबला.

अशा घरात भरलेला सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि नळी जोडून तयार असली पाहिजे, आणि घरातल्या किमान दोन माणसांना ती जोडता आली पाहिजे. किती वेळ पुरेल याचा हिशोब आधीच कागदावर लिहून सिलिंडरला चिकटवा. सिलिंडरमध्ये 1,500 लिटर ऑक्सिजन असेल आणि रुग्णाला मिनिटाला 2 लिटर लागत असेल तर 750 मिनिटं, म्हणजे साडेबारा तास. प्रवाह 5 लिटर असेल तर 5 तास. अंधारात, घाबरलेल्या मनाने हे गणित सुटत नाही. सिलिंडरजवळ मेणबत्ती, उदबत्ती, विडी-सिगारेट काहीही नको.

इन्सुलिनबद्दल मला नेहमी विचारतात. काही तास फ्रिज बंद राहिला म्हणून ते टाकून देऊ नका. वापरायला काढलेलं बहुतेक इन्सुलिन 30 अंशांखाली साधारण चार आठवडे चालतं, नेमकी मुदत खोक्यातल्या कागदावर असते. घाबरून ते बर्फात मात्र घालू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, मग ते वितळलं तरी वापरायचं नाही.

आणि म्हातारी माणसं. पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर पाऊस, आत उकाडा. त्यांना तहान कमी जाणवते म्हणून ती पाणी मागत नाहीत. तासातासाने हातात पेला द्यायचा. मानेवर, हातापायांवर ओला पंचा फिरवायचा. पाऊस सरला की समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. माणूस असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोक जाऊ लागला किंवा अंग फार तापलं तर लाईटची वाट न बघता दवाखाना गाठा.

ओसरी

रात्रपाळी, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या शेजारीच अशा एक आजी आहेत. त्यांच्याकडे डोकावून यायचं काम आता धाकट्याच्या यादीत घालते. खिडक्यांचं काम लवकर संपतं त्याचं.

कुमुदिनी

मला यातला मधला वेळच आवडतो. टीव्ही नाही, फोन जपून वापरायचा, सगळे एका खोलीत. आमच्याकडे अंताक्षरी होते, सासूबाई त्यांच्या लहानपणीच्या गोष्टी सांगतात. मेणबत्तीच्या उजेडात मुलं भिंतीवर सावल्यांचे ससे आणि कुत्रे करतात. एरवी एवढा वेळ कुणी कुणाजवळ बसत नाही.

गच्चीवरून

कुमुदिनीताई, बाकी सगळं मान्य, मेणबत्ती तेवढी सोडा. खिडकी उघडी, पडदा उडतोय, लहान मुलं इकडेतिकडे करतायत, आणि मधोमध उघडी ज्योत. लाईट नसताना घराला आग लागली तर पंपही बंद असतो.

टॉर्च छताकडे तोंड करून उभा ठेवा. छत पांढरं असेल तर उजेड खाली सगळीकडे सारखा पसरतो आणि कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. टॉर्चवर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवली तरी छान पसरतो. सावल्यांचे प्राणी तर टॉर्चने जास्त स्पष्ट दिसतात.

कुमुदिनी

पण टॉर्चचे सेल ऐन वेळी संपलेले असतात. मेणबत्ती दगा देत नाही.

गच्चीवरून

टॉर्चमध्ये सेल घालून ठेवूच नका. वर्षभर आत राहिले की ते गळतात आणि पत्र्या गंजतात. टॉर्च आणि सेल एका पिशवीत, पण वेगळे. पिशवी दाराजवळच्या खिळ्याला, अंधारात हाताला लागेल अशी.

मेणबत्ती लावायचीच असेल तर जड, खोलगट भांड्यात, तळाशी थोडं पाणी घालून, पडद्यापासून लांब. आणि खोलीत मोठं माणूस जागं असेल तोवरच.

कुमुदिनी

पिशवीचं पटलं. आज करते. सासूबाईंच्या खोलीतही एक टांगून ठेवेन, रात्री त्या उठतात.

तारेवरचा

आता दुसरं टोक. हे लांबेल, पण मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचं आहे ते हेच.

लाईट जाण्याआधी अनेकदा ती दोन-तीनदा लुकलुकते. जाते, येते, जाते, येते, मग कायमची जाते. लोकांना वाटतं कुणीतरी सबस्टेशनमध्ये बटणाशी खेळतंय. तसं नसतं. फांदी तारेला घासली की फीडर, म्हणजे सबस्टेशनमधून सगळ्या भागाला वीज नेणारी लाइन, ट्रिप होतो, आपोआप बंद पडतो. बऱ्याच ठिकाणी आता आपोआप परत जोडणारा ब्रेकर असतो. तो काही क्षण थांबून पुन्हा जोडून बघतो, कारण बहुतेक वेळा फांदी वाऱ्याने बाजूला झालेली असते. दोन-तीन प्रयत्नांत बिघाड गेला नाही तर तो थांबतो, आणि मग माणसाने जाऊन बघावं लागतं.

ही लुकलुक फ्रिज आणि एसीला सगळ्यात वाईट. कॉम्प्रेसर थांबल्यावर आतला दाब समान व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी पुन्हा वीज आली तर तो दाबाविरुद्ध सुरू व्हायला बघतो, फिरत नाही, नुसता प्रवाह ओढतो आणि तापतो. म्हणून पहिली लुकलुक दिसताच फ्रिज आणि एसी बोर्डावरून बंद करा.

पूर्ण लाईट गेल्यावर सगळी बटणं बंद करायची, एक दिवा चालू ठेवायचा. वीज आली की तो सांगेल. तो पेटला की त्याच्याकडे बघा. नेहमीपेक्षा मंद आहे का? फार प्रखर आहे का? एका खोलीतला मंद आणि दुसऱ्या खोलीतला प्रखर, किंवा पंखा वेड्यासारखा जोरात, असं दिसलं तर त्याच क्षणी मेन खाली करा. न्यूट्रल तुटलेली असू शकते. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटली की 230 व्होल्टची घरं फेज-फेजमधल्या 400 व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात कमी उपकरणं चालू त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. वादळानंतर एका गल्लीतले अनेक टीव्ही एकदम जळतात त्याचं कारण बहुतेक हेच असतं. लोक म्हणतात वीज पडली.

दिवा सरळ जळत राहिला तर पाच-दहा मिनिटं थांबा. मग पंखा. मग फ्रिज. एसी, गीझर, पंप सगळ्यात शेवटी.

हे आपल्या उपकरणांपुरतं नाही. लाईट आली की सगळ्या वस्तीचे फ्रिज, एसी, पंप एकाच क्षणी उठतात. एरवी ते आळीपाळीने चालू-बंद होत असतात, पण बराच वेळ लाईट नसली की सगळीच घरं तापलेली, सगळ्याच टाक्या रिकाम्या. तो एकत्र भार रोजच्या भारापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि फीडर पुन्हा बसतो. "आली आणि लगेच गेली" यामागे अनेकदा हे कारण असतं. प्रत्येक घराने दहा मिनिटं दम धरला तर लाईट टिकते. खांबावर चढलेल्या माणसाला तेवढी मदत खाली बसून करता येते.

सहावामजला

काका, डोळे उघडले. मेन बंद करायची योग्य वेळ आत्ता कळली.

लिफ्टचं विचारायचं होतं. आमच्या इमारतीत वादळात कुणी ना कुणी अडकतंच.

वॅटतास

लिफ्टचं काम मी जवळून पाहतो. अडकलात तर आतच थांबा, घंटीचं बटण दाबा, दार ओढून बाहेर पडायचा प्रयत्न करू नका. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे असेल तर उडी मारताना पाय घसरून खालच्या मोकळ्या विहिरीत पडण्याची भीती असते. लिफ्टची केबिन हवाबंद नसते, गुदमरायला होत नाही, हे आत अडकलेल्याला बाहेरून मोठ्याने सांगत राहा. वीज गेल्यावर बॅटरीवर जवळच्या मजल्यापर्यंत नेऊन दार उघडणारं उपकरण मिळतं. सोसायटीच्या सभेत मागणी करा. आणि आभाळ भरलं की जिना, एवढा नियम इमारतीत करून टाका.

इन्व्हर्टरचाही हिशोब देतो, कारण "किती तास चालेल" याचं उत्तर दुकानात धड मिळत नाही. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर 1,800 वॅट-तास. पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून हाताला 1,200 धरा. साधा छताचा पंखा 75 वॅट, दोन एलईडी दिवे मिळून 18, राउटर 10, बेरीज 103. म्हणजे साडेअकरा तासांच्या आसपास. तोच पंखा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, घेतला तर तो 30 वॅट खातो, बेरीज 58, आणि तीच बॅटरी वीस तासांपर्यंत जाते. म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखा बदला. हे आकडे नव्या बॅटरीचे. जुनी, पाणी आटलेली बॅटरी याच्या निम्म्यावरही येत नाही. उन्हाळा लागण्याआधी डिस्टिल्ड वॉटर बघा आणि बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

नुसता राउटर चालवायचा असेल तर त्याच्यासाठी छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो. फायबरचं जोडणं असेल तर घर ते एक्स्चेंज या वाटेत बहुतेक ठिकाणी विजेवर चालणारं काही नसतं, त्यामुळे गल्ली अंधारात असतानाही नेट चालू राहू शकतं.

पानगळ

आमच्या छतावर सौर पॅनेल आहेत. लाईट गेली की भर उन्हातही तेही बंद. बिघाड आहे का?

वॅटतास

नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं. तुमचा सौर इन्व्हर्टर ग्रिडला जोडलेला आहे. ग्रिड मेल्यावर तो चालू राहिला तर तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारेत जाईल, आणि तार बंद आहे असं समजून तिला हात लावणारा माणूस मरेल. म्हणून ग्रिड गेलं की तो क्षणात बंद होतो. लाईट नसतानाही चालायला हवं असेल तर बॅटरी असलेला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो.

तारेवरचा

याच कारणासाठी हात जोडून सांगतो: जनरेटरची वायर दोन्ही टोकांना प्लग लावून भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. ती वीज मीटरमधून उलटी डीपीत, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरकडे, जाते आणि तोच ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करून लाइनवर चढवतो. जनरेटर लावायचा तर चेंजओव्हर स्विच हवाच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांतलं एकच घराला जोडलेलं राहतं.

रात्रपाळी

आणि जनरेटर घराबाहेर, दार-खिडक्यांपासून किमान 6 मीटर लांब. पाऊस लागतो म्हणून गॅलरीत किंवा पार्किंगमध्ये आडोशाला ठेवतात, ते जीवघेणं आहे. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस झोपतो आणि उठत नाही.

कुमुदिनी

फ्रिजमधल्या अन्नाचं काय करायचं ते कुणी सांगेल का? दर वेळी वाद होतो, टाकायचं की ठेवायचं.

रात्रपाळी

दार न उघडता फ्रिज साधारण 4 तास गार राहतो. फ्रीझर गच्च भरलेला असेल तर 48 तास, अर्धा असेल तर 24 तास. रिकामी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा, गारवा टिकतो आणि वितळल्यावर पाणीही कामाला येतं.

शिजवलेलं अन्न, दूध, मांस, मासे 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिले तर टाकून द्या. वास आणि चवीवर भरवसा ठेवू नका, आजारी पाडणारे जंतू वासावरून कळत नाहीत.

बाहेरगावी असताना लाईट गेली होती का हे कळायला एक सोपी युक्ती आहे. पेल्यात पाणी गोठवा, बर्फावर नाणं ठेवा, पेला फ्रीझरमध्ये राहू द्या. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते खाऊ नका.

पानगळ

माशांची टाकी असणाऱ्यांसाठी: पंप बंद पडला की माशांना आधी ऑक्सिजन कमी पडतो. पेल्याने पाणी उचलून उंचावरून परत सोडत राहा, दर थोड्या वेळाने. खायला घालू नका, पाणी खराब होतं. सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवला तर रात्र निर्धास्त जाते.

ओसरी

काका, एक राहिलं. तक्रार करताना काय सांगितलं की तुमच्या लोकांना खरंच उपयोग होतो? आणि कधी तासात येते, कधी दोन दिवस लागतात, हे कशावर ठरतं?

तारेवरचा

बिघाड किती वर आहे त्यावर ठरतं. तुमच्या एकट्याची गेली तर सर्व्हिस वायर किंवा मीटर. गल्लीची गेली तर डीपीचा फ्यूज. सगळ्या भागाची गेली तर फीडर, आणि मग मैलोनमैल लाइन चालत बघावी लागते, पावसात, अंधारात. एक फांदी सापडली, काढली, लाइन सुरू केली, पुढे दुसरी पडलेली असते. दवाखाने आणि पाणीपुरवठ्याच्या लाइन आधी घेतात, त्यात गैर काही नाही.

त्याहून वर बिघाड झाला तर शहरंच्या शहरं जातात. 13 जुलै 1977 च्या रात्री न्यूयॉर्क शहराला वीज आणणाऱ्या उच्चदाब लाइनवर विजा पडल्या, एकेक लाइन सुटत गेली आणि जवळजवळ सगळं शहर अंधारात गेलं. पूर्ववत व्हायला दुसऱ्या दिवशीची रात्र उजाडली. एवढं मोठं जाळं एका बटणाने परत सुरू होत नाही, तुकड्यातुकड्याने भार घेत यावं लागतं.

तक्रार करताना खांबाचा किंवा डीपीचा क्रमांक सांगा. तो खांबावर रंगवलेला असतो, आज उजेडी वाचून फोनमध्ये लिहून ठेवा. शेजाऱ्यांची लाईट आहे का, समोरच्या ओळीची आहे का, हे बघून सांगा. मोठा आवाज झाला होता का, ठिणग्या दिसल्या का, कुठल्या झाडाची फांदी कुठे पडली आहे. एवढ्यावर आमचा अर्धा शोध वाचतो.

तुटलेली तार दिसली तर ती मेलेली आहे असं कधीही समजू नका. 10 मीटर लांब राहा, लोकांना लांब ठेवा, गुरं जाऊ देऊ नका. काठीने बाजूला करायला जाऊ नका, ओल्या काठीतून प्रवाह येतो. अगदी जवळ गेल्यावर लक्षात आलं तर मोठी पावलं टाकून पळू नका. दोन पावलांच्या मधल्या जमिनीतही व्होल्टचा फरक असतो. पाय एकमेकांना चिकटवून, जमिनीवरून न उचलता, घासत घासत मागे या. तार गाडीवर पडली तर गाडीतच बसून राहा आणि फोन करा.

गच्चीवरून

फोनबद्दल थोडं. टॉवरलाही बॅटरी असते आणि ती काही तासांत संपते. मग फोन लांबचा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच स्वतःची बॅटरी संपवतो. सिग्नल नसेल तर विमान मोडवर टाका, मधूनमधून उघडा. कॉल लागत नसेल तेव्हा साधा मेसेज बहुतेक जातो.

सहावामजला

हा धागा वाचून इमारतीच्या गटात दोन गोष्टी टाकल्या: आमच्या डीपीचा क्रमांक, आणि कुणाच्या घरी ऑक्सिजन, चाकाची खुर्ची किंवा एकटं म्हातारं माणूस आहे याची विचारणा. चार घरांनी लगेच उत्तर दिलं. तिघांबद्दल मला ठाऊकच नव्हतं, इतकी वर्षं एकाच जिन्याने जातो येतो तरी. प्रत्येकाला खालच्या-वरच्या मजल्यावरचं एकेक घर जोडून दिलंय. लाईट गेली की पहिलं दार त्यांचं वाजवायचं.

रात्रपाळी

त्या चारही घरांत सिलिंडर कुठे ठेवलाय आणि घराची दुसरी किल्ली कुणाकडे आहे, तेही त्याच यादीत लिहा.